विषाणूचा रहिवासी दाखला

बसवराजअप्पांना कुत्रं चावलं तेव्हा त्यांचा उजवा पाय लातूर जिल्ह्यात होता आणि डावा नांदेड जिल्ह्यात. चावा डाव्या पायाला होता. कुत्रं मात्र उजव्या अंगानं आलं होतं. कोनाळवाडी गावच तसं, अहमदपूरहून नांदेडला जाताना नेमकं हद्दीवर बसलेलं; अप्पांच्या किराणा दुकानाचं शटर एका जिल्ह्यात उघडतं आणि पायरी दुसऱ्या जिल्ह्यात उतरते. चावून झाल्यावर कुत्रं तासाभरात तोंडाला फेस येऊन मेलं, तेही बरोब्बर हद्दीच्या पाटीखाली. आता बोला.

गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स लुंबिनीताईंनी अप्पांचा पाय साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरला, पहिली सुई टोचली आणि दुसरी तीन दिवसांनी, ती चुकली तर जिवाशी खेळ, असं बजावलं. दुपारी ताईंना नोटीस आली. मूळस्थान निश्चित नसलेल्या विषाणूविरुद्ध त्यांनी परस्पर लस वापरली होती. केंद्राचे कारकून विरूपाक्ष यांनी लसीच्या फ्रीजला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

विरूपाक्षांचंही काही चुकत नव्हतं. नवं परिपत्रक स्वच्छ होतं. मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत जाणार, तिथं विषाणूची जनुकं वाचून त्याची वंशावळ मांडणार, आणि ज्या जिल्ह्याच्या विषाणूशी त्याचं नातं लागेल त्या जिल्ह्यानं लस द्यायची. शास्त्रज्ञांनी ही विद्या काढली ती रोग कुठून कुठं जातो हे कळावं म्हणून. खात्यानं तीच विद्या लस कुणी द्यायची नाही हे ठरवायला वापरली. अर्जासोबत विषाणूचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला जोडायचा होता. निजामकाळातली नोंद सापडल्यास प्राधान्य.

कुणालाही वाटेल, अप्पा चिडले असतील. छे! अप्पा खूश झाले. अप्पा पक्के लातूरकडचे, आणि कुत्रं नांदेडचंच, हे ते पहिल्यापासून सांगत आले होते. बायको शिवकांता म्हणाली, अहो, अहमदपूरला जाऊन मेडिकलमधून सुई आणा आणि मोकळे व्हा. अप्पांनी मान हलवली. "विकत आणली म्हंजे कुत्रं आपलं होतं असं कबूल केल्यागत हाय." शिवकांतानं कपाळाला हात लावला. गावच्या लातूरकडच्या निम्म्या भागानं लगेच ठराव केला की आपली कुत्री भुंकतात, चावत नाहीत. नांदेडकडच्या निम्म्यानंही ठराव केला. मजकूर तोच होता.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. एरवी महिने लागतात, पण हा माणसाच्या जिवाचा नव्हे, हद्दीचा प्रश्न होता, म्हणून लगोलग झाला.

केंद्राच्या ओट्यावर लुंबिनीताईंनी तो वाचला. विषाणू नांदेडचा. अप्पांच्या माणसांनी फटाक्यांची माळ लावली. माळ विझल्यावर ताईंनी पान उलटलं. विषाणूचा बाप लातूरचा होता, आजा नांदेडचा, पणजा पुन्हा लातूरचा. दोन वर्षांत घराण्यानं सहा वेळा हद्द ओलांडली होती, दरवेळी एका दमात तीस किलोमीटर, डांबरी रस्त्यानं.

"एवढं अंतर कुत्रं आपल्या पायानं जात न्हाई," ताई म्हणाल्या. "कुणीतरी गाडीत घालून नेलंय."

सगळ्यांच्या नजरा अप्पांकडं वळल्या. गल्लीत कुत्री लई झाली म्हणून मल्लिनाथच्या टेम्पोत भरून नांदेडच्या अंगाला सोडायची, ही अक्कल अप्पांचीच. कुत्री कोंबायची साखरेची रिकामी पोतीही त्यांच्याच दुकानातली. पलीकडचे लोक आपली कुत्री इकडं आणून सोडत. दोन्ही टेम्पो वाटेत भेटले की एकमेकांना हात करत.

विरूपाक्षांनी फॉर्म काढला. मूळ दोन्ही जिल्ह्यांत निघाल्यास एकच रकाना भरायचा होता: विषाणू हद्दीपार नेणाऱ्याचं नाव. भरला की कुलूप उघडेल.

अप्पांचा पाय ठणकत होता आणि पहिल्यांदाच त्यांना खरी भीती वाटली. त्यांनी लिहिलं, गावकरी. विरूपाक्ष म्हणाले, या नावाचा इसम मतदार यादीत नाही. अप्पांनी वर पाहिलं. ठरावावर सह्या करणाऱ्यांना एकेक काम आठवत गेलं आणि ओटा रिकामा झाला. मग अप्पांनी स्वतःचं नाव घातलं.

विरूपाक्षांनी ते दोनदा वाचलं. अर्जदार आणि वाहक एकच असल्यास प्रकरण चौकशीसाठी वर पाठवावं, असं परिपत्रकात होतं. निकाल तीन महिन्यांत.

"तोवर मी मरीन की हो," अप्पा म्हणाले.

विरूपाक्ष म्हणाले, त्याचा फॉर्म वेगळा आहे.

लुंबिनीताईंनी ड्रेसिंगची कात्री घेतली, विरूपाक्षांचा करदोडा कापला, फ्रीज उघडला, अप्पांच्या दंडात सुई टोचली आणि दुसऱ्या नोटिशीसाठी हात पुढं केला.

अप्पा दंडावर कापूस दाबत बाहेर आले, डोळे भरलेले. फाटकाशी मल्लिनाथचा टेम्पो उभा होता. मागं पोती हलत होती. ह्या खेपेला कुठं सोडायची, त्यानं विचारलं.

अप्पांनी मागं वळून केंद्राकडं पाहिलं, आवाज खाली आणला.

"मुदखेडच्या पलीकडं सोड. परत यायला नकोत."

आणि हो, तुमच्या गल्लीतलं ते तांबडं कुत्रं बऱ्याच दिवसांत दिसलं नाही. कुठं गेलं, विचारलंत का कधी?