अचानक भेटीचे टायर

"अहो, रोज डांबरी रस्त्यावरून ऑफिसला जायचं आणि घरी यायचं. त्याला हे रणगाड्याचे टायर कशाला?" निरीक्षकांच्या बायकोने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं.

निरीक्षक टायरच्या खाचेत बोट घालून खोली बघत होते. कारखान्यांतली यंत्रं सुरक्षित आहेत की नाहीत, हे बघणं त्यांचं काम. ऑफिसच्या वाटेवर एक फाटा होता आणि फाट्याच्या आत, मातीच्या रस्त्याच्या टोकाला, लाकूड कापायची गिरणी. तिथल्या फिरत्या पात्यावर लोखंडी जाळी हवी. मालक ती लावत नाही, असा त्यांना पक्का वहीम होता. तिथल्या एका कामगाराचं बोट गेलंच होतं. पण अचानक भेटीला निघालं की जीप चिखलात रुतायची, ओढायला गिरणीचाच ट्रॅक्टर यायचा आणि दोर बांधून होईपर्यंत आत जाळी चढलेली असायची. वर मालक चहा पाजायचा.

टायरवाल्याने दोन प्रकार पुढे ठेवले. "हे बारीक नक्षीचे. मातीत चालतात, डांबरावर गप्प असतात. रोजच्या गाडीला हेच बरे. आणि हे खोल खाचांचे. कसल्याही चिखलात अडणार नाहीत. फक्त डांबरावर जरा बोलतात."

"बोलतात म्हणजे?"

"म्हणजे बोलतात, साहेब."

"बोलू देत."

परतताना टायर बोलू लागले. वेग वाढला तसा आवाज चढत गेला. मधमाश्यांचं मोहोळ गाडीखाली बांधल्यासारखा. बायको काहीतरी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. यापुढे भांडायचं तर गाडी थांबवावी लागेल."

दुसऱ्याच दिवशी निरीक्षक फाट्यावर वळले. जीपने चिखलाला भीक घातली नाही. गिरणीत जाळी जागेवर होती आणि मालक दारात दोन कप घेऊन उभा.

"या साहेब. आवाज ऐकला, म्हटलं चहा टाकावा."

निरीक्षकांनी टायरमधली हवा कमी करून पाहिली. आवाज तेवढाच राहिला, जीप मात्र डुलायला लागली. मग गाडी रांगत नेली, तेव्हा टायरांच्या साथीला मागच्या गाड्यांचे भोंगे आले. भेट कोणत्याही दिवशी द्या, जाळी जागेवर आणि चहा गरम. घरी मात्र बरं चाललं होतं. संध्याकाळी दार उघडावं तर टीव्ही बंद आणि मुलगी पुस्तकात डोकं घालून बसलेली.

"पोरगी सुधारली," ते बायकोला म्हणाले. बायकोने खिडकीतून जीपकडे पाहिलं आणि होकार दिला.

शेवटी मोठ्या साहेबांनी बोलावलं. "कामगाराचं बोट जातं आणि तुम्हाला दोष सापडत नाही. उद्या दुसऱ्याचा हात गेला तर? या महिन्यात छडा लावा, नाहीतर दुसऱ्याला पाठवतो."

निरीक्षकांनी जीप घरी ठेवली. बसने फाट्यावर उतरले आणि चालत निघाले. अर्ध्या वाटेत चिखलाने डावा बूट ठेवून घेतला. तो उपसून, हातात धरून ते गिरणीत शिरले. पातं फिरत होतं. त्यावर जाळी होती. जाळीच्या बोल्टांवर भुशाचा जाड थर बसला होता. त्यांना बरेच दिवस कुणी हात लावलेला नव्हता.

मालक दचकला. "तुम्ही? आवाज न करता?"

"ही जाळी कधी लावली?"

"काढलीच नाही हो. तुम्ही रोज जाता-येता फाट्यावरून घूं करत जाता. वळणार की सरळ जाणार, हे इथे बसून काय कळतंय? आवाज आला की लावा, गेला की काढा. कामगार म्हणाले, मालक, एक तर लाकूड कापू, नाहीतर जाळी लावत बसू. शेवटी राहू दिली." मालकाने बुटाकडे पाहिलं. "कळवलं असतं तर चहा तरी तयार ठेवला असता."

निरीक्षक बूट घालून परतले.

पुढे ते टायर झिजले. निरीक्षक बायको-मुलीला घेऊन त्याच दुकानात गेले. टायरवाला त्यांची वाटच बघत असल्यासारखा उठला.

"कान किटले ना, साहेब? या वेळी गप्प टायर देतो."

निरीक्षकांनी खोल खाचांच्या टायरवर हात फिरवला.

"यापेक्षा मोठ्याने बोलणारे आहेत का?"

बायकोने विरोध केला नाही. आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलीचा जीव भांड्यात पडला.