दलदल्या बेल वाजवतो

जुन्या राक्षसांना नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा उभं करावं, असा ठराव चित्रपट कंपनीच्या सभेत एकमताने मंजूर झाला. ज्याला उभं करायचं होतं तो राक्षस त्या वेळी घरी गुडघ्यांना तेल चोळत बसला होता.

हा राक्षस म्हणजे दलदल्या. एके काळी पडदा काळा-पांढरा असे आणि दलदल्या त्यातल्या काळ्या भागात राहत असे. चिखलातून वर यायचा, पाणी निथळत वस्तीत शिरायचा, दारं फोडायचा, दिवे विझवायचा आणि नायिकेला खांद्यावर टाकून दलदलीत परत जायचा. त्याच्या रबरी कातड्याच्या आतल्या नटाचं तोंड प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही. नटाने मात्र प्रेक्षक पाहिले होते. पहिल्या खेळाला तो मागच्या दारापाशी गुपचूप उभा राही. दलदल्या दिसायच्या आधीच्या क्षणी अख्खं थिएटर श्वास आत घेई आणि सोडायला विसरे. त्या शांततेवर त्या माणसाने आयुष्य काढलं होतं.

आता त्याला सगळे काका म्हणत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. ज्याच्या नुसत्या चाहुलीने बायका पाय खुर्चीवर घ्यायच्या, त्याने हात केला तरी आता बसवाला थांबत नव्हता. गुडघे शाबूत आहेत तोवर ती शांतता एकदा, फक्त एकदा, पुन्हा कानावर पडावी, एवढीच काकांची इच्छा उरली होती.

म्हणून पुतण्याचा फोन आला तेव्हा काका तेलकट हातांनीच उठले. पुतण्या त्याच कंपनीत प्रेक्षक-समाधान विभागाचा प्रमुख होता. माणूस गोड. प्रत्येक फोनच्या शेवटी "या ना काका एकदा घरी, निवांत" म्हटल्याशिवाय तो फोन ठेवत नसे, आणि "कधी येऊ?" असं काकांच्या तोंडून निघेपर्यंत फोन ठेवलेलाही असे.

"दलदल्या परत येतोय, काका. आणि तो तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

"कातडं अजून आहे का जुनं?"

"नवीन करतोय. आतून हवा खेळेल असं."

हवा खेळली तर राक्षस गुदमरणार कसा आणि गुदमरला नाही तर चिडणार कसा, असं काकांच्या मनात आलं. पण मिळत्या कामात खोट काढू नये, म्हणून त्यांनी होकार दिला.

राक्षस मंजूर करून घेण्यासाठी पुनरुज्जीवन समिती नेमली होती. काचेचं लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, खोलीत दात वाजतील एवढा गारवा. काका नव्या कातड्यात टेबलाच्या टोकाला उभे राहिले. अध्यक्षीणबाईंनी त्यांना प्रेमाने न्याहाळलं आणि म्हणाल्या, की राक्षस छान आहे, फक्त थोडा राक्षसी वाटतो.

तिथून कामाला सुरुवात झाली. दलदल आता संरक्षित पाणथळ प्रदेश असल्यामुळे तिथल्या रहिवाशाबद्दल वाईट दाखवता येणार नव्हतं. दातांच्या डॉक्टरांची मनं दुखावू नयेत म्हणून सुळे घासून सरळ केले. डरकाळी ध्वनिमर्यादेत बसत नव्हती, तिचा सुस्कारा झाला. दलदल्या वाईट का, तर त्याचं बालपण वाईट, असं एका सदस्याने सुचवलं. दुसऱ्याने त्यात भर घातली, की मुळात तो वाईट नाहीच, चिखलात त्याचं कोणी कौतुक केलं नाही एवढंच. नायिकेला उचलून नेण्यापूर्वी तिची संमती घ्यावी असं ठरलं. नायिकेचं काम करणारी मुलगी समजूतदार होती. ती म्हणाली, मी देईनही, पण काकांचे गुडघे देतील का? तेव्हा दलदल्याने नायिकेऐवजी तिची पिशवी उचलावी, अशी दुरुस्ती होऊन विषय मिटला.

शेवटी राहिलं दार.

"दार फोडणं म्हणजे मालमत्तेचं नुकसान," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आणि न विचारता आत शिरणं तर फारच वाईट."

"मग राक्षस आत जाणार कसा?" काकांनी सुळे नसलेल्या तोंडाने विचारलं.

"बेल वाजवेल. पायपुसण्याला पाय पुसेल. आणि थांबेल."

दिग्दर्शकाने मान हलवली. या दिग्दर्शकाची मान मुळात होकारार्थीच बसवलेली होती.

चित्रपट पुरा झाला, आणि निवडक प्रेक्षक बोलावून त्याची चाचणी घेण्यात आली. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा बांधला होता. पट्ट्यांच्या तारा मागच्या खोलीतल्या यंत्राला जोडलेल्या होत्या आणि यंत्रावरचा काटा कागदावर रेघ ओढत अख्ख्या थिएटराची भीती मोजणार होता. यंत्रापाशी बसणाऱ्या बाईंना सगळे नाडीताई म्हणत. काका त्यांच्यामागे, खोलीच्या उघड्या दारात उभे राहिले, पूर्वी थिएटरच्या मागच्या दारापाशी राहत तसे.

दलदल्या चिखलातून वर आला. काटा झोपलेला. दलदल्याने सुस्कारा सोडला, बालपणाबद्दल दोन शब्द सांगितले. तिसऱ्या रांगेतली बाई हळहळून म्हणाली, "अगं बाई, भिजलाय बिचारा. कोणीतरी पंचा द्या त्याला." काट्याने कूसही बदलली नाही. काकांना वाटलं, आपल्याच अंत्यविधीला आपण मागे उभे आहोत, आणि तोही रंगत नाहीये.

मग दलदल्या नायिकेच्या घरापाशी आला. पाय पुसले. बेल वाजवली.

काटा कागद सोडून बाहेर गेला.

नाडीताईंनी यंत्राला दोन थापट्या दिल्या. यंत्र ठीक होतं. फीत मागे घेऊन प्रसंग पुन्हा दाखवला, पुन्हा तेच. शेवटी पुतण्याने पडदा कोरा ठेवून नुसती बेल वाजवायला सांगितली. अख्ख्या थिएटराने श्वास आत घेतला. दोघांनी पाय वर घेतले, आणि एका गृहस्थांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडावर हात ठेवला. काकांच्या मानेवर काटा आला. तीच शांतता. पण ती त्यांची नव्हती, बेलची होती.

दिवे लागल्यावर पुतण्याने तिसऱ्या रांगेतल्या बाईंना अदबीने विचारलं, की राक्षसाला पाहून काही वाटलं नाही आणि बेलला एवढं घाबरलात कशाला?

"बेल वाजली म्हणजे कोणीतरी आलं असणार," बाई म्हणाल्या. "न कळवता."

"पण बाहेर राक्षस उभा होता."

"ते मागाहून कळलं हो. कळल्यावर जीव भांड्यात पडला. राक्षस काही जेवायला थांबत नाही."

पुतण्याला कंपनीने उगीच प्रमुख केलं नव्हतं. पुढचा आठवडाभर त्याने दाराबाहेर वेगवेगळी माणसं उभी करून पाहिली. सामान पोहोचवणारा माणूस दाखवला तर काटा खाली यायचा, कारण तो सामान देऊन जातो. चोरालाही लोक फारसे भीत नव्हते; चोर निदान आपण घरी नसताना येतो, आणि वेळेत निघतो. शेजारीण दाखवली तेव्हा जरा चुळबूळ झाली. मग एक नातेवाईक उभा केला. नातेवाइकाच्या हातात लहान पिशवी दिली. लहान पिशवी काढून मोठी दिली, तेव्हा एक गृहस्थ उठून उभे राहिले. आणि त्या नातेवाइकाने बूट काढता काढता "मला काही घाई नाही" एवढंच म्हटलं, तेव्हा काटा तुटून नाडीताईंच्या चहात पडला.

दुसऱ्याच दिवशी समितीने दलदल्याला चित्रपटातून वगळलं. दार ठेवलं. बेल ठेवली. पायपुसणं ठेवलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहून घेतलं.

काकांना हे सांगायला पुतण्या स्वतः आला. तो घरी आला नाही, त्याने खालूनच फोन करून काकांना फाटकापाशी बोलावून घेतलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझं काम गेलं?"

"गेलं कुठे? उलट वाढलं. आता तुम्हीच ते नातेवाईक."

"कातडं?"

"नको. तुम्ही आहात तसेच हवे आहात, काका."

असं वाक्य ऐकायला माणसं जन्मभर ताटकळतात. काका मात्र ते ऐकून फाटकाला धरून उभे राहिले. इतकी वर्षं चिखल फासून, सुळे लावून, श्वास कोंडून लोकांना घाबरवलं, आणि आता कंपनीला ते नुसतेच पुरणार होते.

चित्रीकरण सोपं होतं. दाराच्या भिंगातून, आतल्या माणसाला दिसावं तसं, काकांना दाखवायचं. काकांनी स्वतःचा सदरा, स्वतःची चप्पल आणि स्वतःची पिशवी घेऊन दारापुढे उभं राहायचं. बाहेरून पाहिलं की भिंगात उजेडाचा एक ठिपका दिसे. आतल्या माणसाने डोळा लावला की ठिपका विझे. दिग्दर्शकाने तीच खूण ठरवून टाकली: भिंग काळं झालं की हसायचं.

काका हसत. ते काही खोटं हसू नव्हतं. माणसाच्या दारात उभं राहिलं की ते आपोआपच यायचं. तरी दिग्दर्शक आतून म्हणे, "अजून प्रेमाने, काका. माया कमी पडतेय." काका माया वाढवत. माया वाढली की दाराआड छायाचित्रकार दोन पावलं मागे सरके.

'सहज आलो' या नावाने तो चित्रपट लागला. लहान मुलांना प्रवेश नव्हता. पाहुण्यांसाठी वेगळी खोली असलेल्या कुटुंबांनी आपल्या जबाबदारीवर पाहावा, अशी सूचना सुरुवातीला झळकली. पहिल्या खेळाआधी अध्यक्षीणबाईंनी भाषण केलं, की पाहुणा म्हणजे देव, ही आपली शिकवण आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवाचं एक बरं असतं, त्याच्यापुढे ठेवलेलं ताट कमी होत नाही.

काका मागच्या दारापाशी उभे होते. पडद्यावर बेल वाजली. भिंगात एक म्हातारा दिसला, पिशवीसकट. तो मायेने हसला आणि म्हणाला, "म्हटलं, आज जेवूनच जावं." थिएटराने श्वास आत घेतला आणि सोडायला विसरलं. मग एकच किंकाळी उठली. दलदल्याच्या ऐन उमेदीतही असली उठली नव्हती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. या खेपेला ती शांतता त्यांचीच होती.

खेळ सुटल्यावर त्यांना पुतण्याला भेटायचं होतं, पण तो गर्दीत दिसला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी पिशवीत चांगली सफरचंदं घेतली, बसला हात केला, ती थांबली नाही म्हणून चालत निघाले. कळवावं असं त्यांच्या मनात आलं नाही. आभार मानायला कोणी कळवून जातं का? आणि इतकी वर्षं पुतण्या म्हणतच होता, या एकदा निवांत.

जिना चढून ते दारापुढे आले. आत टीव्ही चालू होता, कोणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. पायपुसण्यावर 'सुस्वागतम्' लिहिलं होतं. बहुतेक चित्रीकरणातलंच असावं. काकांनी त्याला पाय पुसले आणि बेल वाजवली.

टीव्ही बंद झाला. भांडं वाजता वाजता थांबलं. चपलांचा आवाज दोन पावलं आला आणि मग चपला काढून ठेवल्याचा आला.

"कोण?" पुतण्याच्या बायकोने अगदी दबक्या आवाजात विचारलं. भिंगातला ठिपका विझला. काका सवयीने हसले.

"काका आहेत," आत पुतण्या कुजबुजला. "पिशवी आहे हातात. हलू नकोस."

मग ती शांतता पसरली. काका ऐकत राहिले. कानाला मुळीच चूक होत नव्हती. आत श्वास घेतला गेला होता आणि सोडला गेला नव्हता. मग काका अलगद वळून जिना उतरू लागले. अर्ध्यावर आले नाहीत तोच खिशातला फोन गुरगुरला. पुतण्याचा निरोप होता: 'काका, काय काम केलंत! आम्ही दोघं तुमचीच आठवण काढत होतो. या ना एकदा घरी, निवांत.'

काकांनी तो निरोप दोनदा वाचला. एखाद्याला वाईट वाटलं असतं. काकांनाही वाटलं, नाही असं नाही. सफरचंदांची पिशवी एकदम जड झाली. पण कसलेला नट एका दादेवर थांबत नाही, आणि प्रेक्षक तर अजून जागेवरच होते. कठड्याला धरून, एकेका गुडघ्याची समजूत घालत ते परत वर आले. सदरा नीट केला. पिशवी दिसेल अशी पुढे धरली. अजून प्रेमाने, असं स्वतःलाच सांगितलं आणि पुन्हा बेल वाजवली.

दाराखालच्या फटीतला दिवा विझला.

तुम्ही पुतण्याला नावं ठेवाल, आणि ठेवायलाच हवीत. फक्त हे वाचता वाचता तुमच्याकडची बेल वाजली, तर पाय न वाजवता दारापाशी जाताना एवढं लक्षात असू द्या: भिंगाला डोळा लावला, की ते बाहेरून काळं दिसतं.