पलंगाचं पोट

वझलवार काकांच्या घरचा गॅसचा सिलिंडर झगा घालतो. गळ्याशी नाडी, खाली घेर, घेराला पिको. मोटारपंपाला टोपडं आहे, मिक्सरला परकर आहे, आणि कूलरच्या लोखंडी स्टँडला चारी बाजूंनी पडदा आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तर त्यांनी जुन्या सोफ्याचं कापड असं घट्ट बसवलंय की पहिल्यांदा आलेला पाहुणा तिच्यावर बसायला जातो.

काकांचं म्हणणं एकच. वस्तू वरून कशीही असो, तिच्या खालचं काही दिसता कामा नये. वायर, पाइप, खिळा, गंज, लोखंडी पाय हे सगळं त्यांच्या भाषेत ‘पोट’. कुणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी त्यांची नजर टेबलाखाली जाते आणि ते हळहळतात, “पोट दिसून राहिलं तुमच्या टेबलाचं.” सगळा जन्म सरकारी कचेरीत फायलींना फडक्यात बांधण्यात गेला, त्यामुळे असं झालं असावं असं त्यांच्या शेजाऱ्यांचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. मला वाटतं हा माणूस जन्मतःच दुसऱ्याच्या चुका शोधायला वाकलेला आहे.

माझा राग उगाच नाही. मी बीरगांवचा, कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. चौबे कॉलनीत सायकलवर उशांचे अभ्रे विकत फिरलो, लोकांच्या घरचे पडदे स्वतः स्टुलावर चढून लावले, आणि आज समता कॉलनीत माझं पडद्यांचं दुकान आहे. या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी मंडळाच्या स्टेजचा पडदा मीच शिवून दिला होता, मखमलीचा. गणपतीत नाटकाच्या दिवशी पडदा पडला आणि खालून नटांची पावलं दिसली. पहिल्या रांगेतून वझलवार काका उठले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, “गजानन, पोट दिसून राहिलं तुह्या पडद्याचं.” सगळे हसले. बायकामुलांसकट. पुढच्या वर्षी पडदा नागपूरहून आला.

माझं माप बरोबर होतं. मी माप घेतल्यावर मांडववाल्यानं स्टेजवरच्या फळ्या काढल्या, म्हणून पडदा वर राहिला. हे मी आजही सांगतो. सांगायला लागलो की माणसं घड्याळ बघतात.

त्यात काका घासाघीस करत नाहीत. भाव विचारतात, मान हलवतात, संपलं. माझा सगळा धंदा जिभेवर उभा आहे. गिऱ्हाइकानं कपाळाला आठ्या घालाव्यात, मी कापड गुंडाळून ठेवल्यासारखं करावं, त्यानं दारापर्यंत जावं, मी हाक मारावी. ज्याच्याशी हे करता येत नाही त्याला वस्तू विकून मला जेवण गोड लागत नाही.

तर असे हे काका यंदा थंडीच्या सुरुवातीला दुकानात आले आणि म्हणाले, “पलंगाले झालर पायजे.”

“कोणत्या पलंगाले?”

“बटणाचा आहे. डोकं वर होते, पाय वर होतात. पोराने बंगलोरहून पाठवला.” मग जरा थांबून म्हणाले, “मालतीसाठी.”

मालतीकाकूंचं मला उडतउडत कळलं होतं. हृदय थकलंय, छातीत पाणी भरतं, आडवं झालं की गुदमरायला होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता बरं होण्यासारखं काही नाही, पण डोकं उंच ठेवून नीट झोपल्या तर श्वास सोपा जाईल, उरलेले दिवस सोपे जातील. म्हणून हा पलंग. आणि काकू त्यावर पाठ टेकायला तयार नव्हत्या. खुर्चीत बसूनच, समोरच्या टेबलावर उशी ठेवून, त्यावर डोकं टेकवून झोपत होत्या. पाय सुजून खांबासारखे झाले होते.

“काहून नाही झोपत?” मी विचारलं.

“दवाखान्यातला वाटते तिले. खाली मोटर, सळाका, वायरी. पोट दिसून राहिलं ना. झालर लागली की झोपते.” हे ते इतक्या खात्रीनं बोलले की मी कापडाचं ठाण उघडायला सुरुवात केली.

कापड निवडताना त्यांनी माझं डोकं फिरवलं. पांढरं नको, दवाखान्यातली चादर वाटते. हिरवं नको, ऑपरेशनवाले घालतात. निळं नको, नर्सबाईचा रंग. गुलाबी दाखवलं तर म्हणाले, औषधाच्या गोळीसारखं आहे. मी म्हणालो, “काका, दवाखान्यानं सगळे रंग घेऊन ठेवले, तर आता माणसानं काय लावावं?” त्यांनी एक कत्थी, काताच्या रंगाचं जाड सुती कापड ओढलं, ते मला दोन हातांनी ताणून धरायला लावलं आणि स्वतः दुकानाच्या फरशीवर सरळ उताणे झाले. खालून आरपार दिसतं का ते बघायला.

“उठा ना काका, गिऱ्हाइक आहे.”

“थांब. पाहून राहिलो.”

तेवढ्यात आत आलेल्या एका बाईंनी त्यांना पाहिलं आणि घाबरून पर्समधली पाण्याची बाटली काढली. “अरे भैया, दादाजी को क्या हो गया?” काका खालूनच म्हणाले, “कुछ नहीं, बेटा. कपडा देख रहा हूँ.” बाई पडदे न घेता गेल्या. तेही मी हिशेबात धरून ठेवलं.

माप घ्यायला घरी गेलो. ज्या खोलीत हा नवा पलंग होता त्याच खोलीत पूर्वी त्यांचा जुना डबलबेड होता. नव्याला जागा करायला जुना सुटा करून, त्याच्या फळ्या मागच्या व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवल्या होत्या. नवा पलंग एकाच माणसाचा, अरुंद, राखाडी. खरं सांगायचं तर भेसूर दिसत होता. खिडकीशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता.

“कशी आहे, गजानन, तुही बायको?” त्यांनी विचारलं. एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

मी माप घेतलं, शिवलं, आणून लावलं. चुण्या इतक्या एकसारख्या पडल्या होत्या की माझं मलाच बरं वाटलं. पलंग सपाट होता तोवर झालर जमिनीला टेकून उभी होती. मग काकांनी रिमोट घेतला. मोटर घुमली, पलंगाचं डोकं वर चढायला लागलं आणि माझी झालर त्याच्याबरोबर वर गेली. खाली सळया, दांडे, वायरींचा गुंता, सगळं उघडं.

मला सभागृह आठवलं. काका काही बोलायच्या आतच मी बोललो, “आता ते वाक्य म्हणू नका.”

“पोट दिसून राहिलं,” काका म्हणाले.

“हा पलंग आहे का उंट? बसला की वेगळा, उठला की वेगळा. उंटाले झालर शिवायची असते हे आधी सांगायचं.”

“माप घेताना तू पलंग उठवून नाही पाहिला?”

“तुम्ही उठवून काहून नाही दाखवला?”

खिडकीतून आवाज आला. काकू हसत होत्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता चेहरा काळवंडला, आणि काका रिमोट टाकून धावले. पाठीवरून हात फिरवत राहिले. आमचं भांडण तिथंच राहिलं. मी झालर काढून बगलेत मारली आणि निघालो.

दुसऱ्या वेळी मी शहाणा होऊन झालर खालच्या न हलणाऱ्या चौकटीला लावली. डोकं वर गेलं की झालर खालीच राहिली, पण वरच्या बाजूला तिरपी फट पडली. शिवाय खाली येताना पलंगाच्या दांड्यानं कापड आत ओढलं, मोटर कण्हली आणि बंद पडली. ते कापड कात्रीनं कापून सोडवायला मला पलंगाखाली शिरावं लागलं. काका बॅटरी घेऊन शेजारी पालथे पडले होते आणि मला सूचना देत होते. त्यांच्या मुलाचा फोन आला तो त्यांनी माझ्या कानाला लावला. “भैया,” तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “पापा जो बोलते हैं, बस कर दीजिए.” माझा मुलगाही माझ्याशी असाच हिंदीत बोलतो. मी ‘हव, करतो’ म्हणालो आणि फोन परत दिला.

तिसऱ्यांदा मी हट्टाला पेटलो होतो. दोन झालरी शिवल्या. एक खालच्या चौकटीला, आतून. दुसरी वरच्या हलणाऱ्या फळीला, बाहेरून, एवढी लांब की पलंग पूर्ण उठला तरी तिची कड खालचीवर राहावी. कोपरे उघडे ठेवले, म्हणजे कापड आत ओढलं जाणार नाही. सगळं वेल्क्रोवर, बाजूबाजूनं सुटणारं. दुपारी घेऊन गेलो. मनात वाक्य तयार होतं. आज यांनी खालून, वरून, कुठूनही बघावं, आणि मग मी मंडळाच्या पडद्याचा विषय काढणार होतो.

काकांनी पलंग वर केला, खाली केला, पाय वर केले. गुडघ्यावर बसून तीन बाजूंनी बॅटरी मारून पाहिलं, चौथी भिंतीला होती. उठले, गुडघे झटकले.

“झालं,” म्हणाले. “काही दिसत नाही.”

मी तोंड उघडणार, तोच ते खुर्चीकडे वळले. “मालती, पाहा. घरचा पलंग वाटते का नाही?”

काकूंनी नीट पाहिलं. “चांगली शिवली गजाननानं.”

“मग चल. हात धर माह्या.”

काकू हलल्या नाहीत.

“आता काय राहिलं? रंग पसंत नाही का? गजानन बदलून देईल.” मी लगेच मान हलवली, कारण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं ना? पाय पाहा तुहे. असं बसून किती दिवस काढशील? मी काय करू सांग. अजून काय झाकू?”

“तुम्ही कुठं निजाल?” काकूंनी विचारलं.

“मी? मी निजीन त्या खोलीत. दिवाणावर.”

“अन् मी इथं एकटी.”

काकांनी पुढे केलेला हात खाली घेतला.

“लग्न झाल्यापासून एकटी निजले नाही मी,” काकू म्हणाल्या. माझ्यासमोर हे बोलायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून त्या पलंगाकडे पाहून बोलत होत्या. “खुर्चीत बसते तर तुम्ही बाजूले असता. मले खुर्चीच बरी.”

काकांनी वाकून त्या कत्थी झालरीची कड दोन बोटांत धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “गजानन, ही इकडची बाजू निघते का?”

“निघते. पण काका, मग खालचं सगळं...”

“काढ.”

मी काढली. दोन्ही पदर. वेल्क्रो सुटण्याचा तो आवाज मला आवडत नाही, कुणीतरी केलेलं काम उसवल्यासारखा असतो. मग आम्ही दोघांनी पलीकडच्या खोलीतून दिवाण उचलून आणला आणि पलंगाला चिकटवून लावला. दिवाण बुटका होता, पलंग उंच. मध्ये सगळी मोटर, दांडे, काळ्या वायरींचा जुडगा, कारखान्याचं लेबल. दिवाणावर डोकं टेकणाऱ्याच्या अगदी नाकासमोर.

काकू उठल्या. काकांनी त्यांना दोन्ही हातांनी धरून पलंगावर बसवलं, पाय वर घेतले, उशी सारखी केली. बटण दाबलं. पलंग त्यांना घेऊन हळूहळू वर गेला. थोड्या वेळानं खोलीतला तो घरघर आवाज कमी झाला. बंद नाही झाला, कमी झाला. काकूंनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि तो पूर्ण बाहेर सोडला.

“बरोबर लागला का पाहतो,” असं म्हणून काका दिवाणावर आडवे झाले. चपला घालूनच.

मी खाली बसून टाचण्या, कात्री, टेप गोळा करायला लागलो. मंडळाचा विषय अजून माझ्या जिभेवर होता. उठून पाहतो तर काका झोपले होते. तोंड उघडं, चष्मा नाकावर, चेहरा त्या सगळ्या लोखंडाकडे.

“काका,” मी हाक मारली.

“नको,” काकू वरून कुजबुजल्या. “झोपू दे. मी खुर्चीत आहे तेव्हापासून जागेच आहेत ते. स्टूल घेऊन बसतात बाजूले. मी डोकं टेकलं की म्हणतात, तू झोप, मी आहे. तुले सांगितलं नसेल.”

नव्हतं सांगितलं. मी दारापर्यंत गेलो, काढलेली बाजू खांद्यावर टाकून. तेवढ्यात मोटर घुमली म्हणून मागे वळून पाहिलं. आजवर ज्या रिमोटला काकूंनी हात लावला नव्हता, तो त्यांच्या हातात होता. पलंग खाली येत होता आणि त्यांचा श्वास पुन्हा वाजायला लागला होता. दिवाणाजवळ आल्यावर त्यांनी हात लांब करून काकांचा चष्मा अलगद काढला, मिटून आपल्या उशीशी ठेवला. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. मग त्यांनी वर जायचं बटण दाबलं. थोडं दाबून सोडायच्या, काकांकडे बघायच्या, आणि मोटरच्या आवाजानं ते हलले नाहीत की पुन्हा थोडं.