अप्पांच्या अंगावरचा साबण

"घरातल्या सगळ्यांना आधी नीट सांगून ठेव हं नेत्रा," विद्यानगरहून मैत्रीण शालिनीनं फोनवर बजावलं होतं. "आमच्याकडं मशीन बसलं तेव्हा पहिल्या आंघोळीला साबण सुटतच नाही असं वाटत होतं. कितीही धुवा, अंग आपलं बुळबुळीत! सुटलेला असतो गं, पण मनाला पटत नाही."

"बरं बरं," म्हणून नेत्रानं फोन ठेवला आणि स्वतःशीच हसली. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या बाईला आता शालिनी साबण धुवायला शिकवणार!

धारवाडजवळ उणकलच्या नव्या घरात आल्यापासून नेत्रानं तिथल्या पाण्याशी उभा दावा मांडला होता. कार्पोरेशनचं पाणी मनात येईल तेव्हा यायचं, ते पिण्यापुरतं. बाकी सगळ्या नळांना बोअरचं जड पाणी. पाणी कसलं, पातळ केलेली शहाबादी फरशीच! बादल्यांना आतून चुना फासल्यासारखा थर, तोट्यांना पांढऱ्या दाढ्या, आणि कुकर शिट्ट्या मारून मारून दमला तरी डाळ आपली ताठ मानेनं बाहेर यायची. साबणाला फेस आणायचा तर वडी अशी घासावी लागायची की जणू कपाटाला पॉलिश चाललंय.

हे सगळं तिनं सोसलंही असतं. पण तिची तीन वर्षांची वेदश्री कोपरं खाजवून खाजवून लाल करायची. "आंघोळीचं पाणी बदलून बघा," असं डॉक्टर म्हणाले आणि नेत्राची झोपच उडाली. ती उठता बसता लेकीच्या बाह्या वर करून बघायची.

शेवटी कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून पाणी मऊ करणारं मशीन आलं आणि शनिवारी संध्याकाळी टाकीला जोडलं गेलं.

"त्यात मीठ घालायचं म्हणे!" सासूबाई हेमावती कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मीठ घालून पाणी गोडं करणार! अय्यो देवा!"

"आई, मीठ पाण्यासाठी नाही, मशीनच्या आतले मणी धुवायला लागतं."

"धुवा! मण्यांना आंघोळ आधी, माणसांना मागनं!"

सासरे सुधींद्रराव म्हणजे धारवाडच्या कोर्टातले दिवाणी वकील. त्यांनी घसा खाकरून अंतरिम आदेश दिला, "उद्या रविवार. तेल लावून मी स्वतः न्हाणार. माझ्याआधी कुणी नाही. समाधान झालं तर मशीन कायम. नाही झालं तर सोमवारी दुकानात परत. अपील चालणार नाही!"

"चालेल, अप्पा!" नेत्रा म्हणाली. हा दावा तर जिंकल्यातच जमा होता!

रविवारी सकाळी तेलानं चमचमणारे अप्पा आत गेले. सवयीप्रमाणं त्यांनी वडी दणादणा घासली असणार, कारण लगेच आतून आवाज आला, "अरे वा! फेस बघा फेस! ढगात बसल्यासारखं वाटतंय!"

नेत्रानं स्वयंपाकघरातच वेदश्रीला घेऊन एक गिरकी घेतली. "आई, ऐकलंत?"

"ऐकलं. बाहेर तर येऊ देत."

पण अप्पा बाहेर येईनात! आतून नुसतं धो धो पाणी. चुरमुऱ्यांचा सुसला गार झाला, चहा दुसऱ्यांदा उकळला, तरी धो धो चालूच. नेत्राच्या डोळ्यांपुढं चित्रं फिरायला लागली. तेलकट पाय, फेसाळ फरशी, आडवे पडलेले अप्पा, आणि बाराव्याला कुजबुजणारे नातेवाईक: "सुनेच्या मशीननं गेले हो!"

तिनं दारावर मुठी आपटल्या. "अप्पा! पडलात का?"

"पडलो नाही! साबण सुटत नाहीये!"

"बघा!" हेमावतीबाई विजयानं म्हणाल्या. "घाला अजून मीठ!"

नेत्राचा नवरा प्रभंजन पेपर टाकून धावला. "डाळीचं पीठ लावा, अप्पा! चिकटपणा जातो!"

दार वीतभर उघडलं, एक ओला हात आला आणि पिठाची वाटी घेऊन गेला. थोड्या वेळानं आतून गर्जना झाली, "अजून बुळबुळीतच आहे!"

मग हेमावतीबाईंनी ताकाचं भांडं पाठवलं. त्यामागून प्रभंजननं लिंबं.

"हेमाऽ! मला आंघोळ घालताय की माझी कढी करताय? साकु, साकु! पुरे! उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे मशीन परत!"

शेजारी उभी वेदश्री नेमकी तेव्हाच कोपर खाजवत होती. आणि अचानक नेत्राला शालिनी आठवली. सुटलेला असतो गं, पण मनाला पटत नाही!

तिनं कान पकडले आणि स्वयंपाकघरातून काचेची बाटली पळवून आणून दाराच्या फटीतून आत दिली.

"अप्पा, पीठ, ताक सगळं धुतलंत?"

"केव्हाच!"

"मग खांद्यावर एक तांब्या ओता. ओघळणारं पाणी या बाटलीत धरा आणि झाकण लावून जोरात हलवा."

"ते कशाला?"

"पुरावा, अप्पा!"

बायकोला, मुलाला उडवून लावणारा माणूस, पण पुराव्यापुढं वकिलाचं काय चालतं! आत खळखळ झाली.

"हलवली."

"फेस आला?"

"आता तसं बघायला गेलं तर..."

"हो की नाही, एवढंच सांगा!"

प्रभंजननं आ वासला. अप्पांच्याच दारात अप्पांचीच उलटतपासणी!

"नाही."

"मोठ्यानं. कोर्टाला ऐकू आलं नाही."

"नाही! फेस नाही!"

"म्हणजे अंगावर साबण?"

"नाही... मग हे गुळगुळीत काय लागतंय?"

"तुमचंच अंग! आजवर त्याच्यावर क्षार बसत होते, म्हणून ओळख पटेना!"

दार उघडलं. घासलेल्या पितळी घागरीसारखे लखलखणारे अप्पा बाहेर आले. बोटांच्या मनुका झालेल्या. वेदश्रीनं त्यांच्या हातावरून हात फिरवला. "अज्जा, तू किती मऊ!"

अप्पांनी तिच्या कोपराकडं बघितलं. घसा खाकरला. "मशीन कायम! आणि पोरीला आत्ताच्या आत्ता याच पाण्यानं न्हाऊ घाला."

"आणि माझं म्हणणं?" हेमावतीबाई म्हणाल्या.

"ताक पाठवलंस तेव्हाच तुझी साक्ष संपली!"

नेत्रा जिंकली! राणीच्या थाटात तिनं वेदश्रीच्या टबात नळ सोडला. नळ म्हणाला, फुस्स!

"टाकी रिकामी?" प्रभंजन डोकं खाजवत म्हणाला. "काठोकाठ होती. एकट्या अप्पांनी एवढी संपवली?"

इतक्यात वरच्या मजल्यावरून, त्याच टाकीच्या पाण्यावर भाड्यानं राहणाऱ्या भीमसेन मास्तरांची आर्त हाक आली. "अक्काऽ! नीर इल्लरी! पाणी गेलं हो! अन् सकाळपासून धुतोय तरी माझ्या अंगावरचा साबण..."

मोटर लावून टाकी भरली, वेदश्री फेसात मनसोक्त खेळली, आणि त्या दुपारी कोपराला हात न लावता गाढ झोपली. तेवढं सुख नेत्राला अख्ख्या आठवड्याला पुरलं! पण तिचा तुम्हाला एक कळकळीचा निरोप आहे. असं मशीन तुम्हीही नुकतंच बसवलं असेल, आणि घरातलं, वरच्या मजल्यावरचं कुणी आंघोळीला जाऊन बराच वेळ झाला असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी जाऊन त्यांचं दार वाजवा!