गंगोबाच्या होडीची दुरुस्ती

एका जंगलात, जिथे झाडं संपतात आणि खाडी सुरू होते तिथे, गंगोबा नावाचं एक पाणमांजर राहायचं. बाळांनो, पाणमांजरं फार छान पोहतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गंगोबालाही ठाऊक होतं. पण त्याचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांच्यात रीत अशी की नवरदेवाने शिडाच्या होडीतून मिरवत मुलीच्या दारी जायचं. मुलगी, शेवंती, समोरच्या बेटावर राहायची. पौर्णिमेचा मुहूर्त चुकला तर लग्न मोडणार होतं.

आणि होडीची डोलकाठी लटलटत होती. ही काठी तळाशी एका लाकडी ठोकळ्यात बसवलेली असते, आणि तिच्यावर शीड चढवतात. तो ठोकळाच कुजून भुसा झाला होता.

गंगोबा सुतारपक्ष्याकडे गेला.

"उद्या येतो," सुतारपक्षी म्हणाला. गेल्या उन्हाळ्यापासून तो सगळ्यांना हेच सांगत होता.

तेवढ्यात फांदीवरून पोपट बोलला. हा पोपट रोज सकाळी जमलेल्या प्राण्यांना 'घरच्या घरी' करायच्या गोष्टी शिकवायचा. होडीत तो कधी बसला नव्हता. त्यामुळे सांगताना तो कुठेही अडखळत नसे.

"अहो, त्यात काय एवढं?" पोपट म्हणाला. "काठी दोराने झाडाला बांधा, म्हणजे पडणार नाही. जुना ठोकळा काढा, नवा बसवा. वरून डिंक ओता. झालं."

गंगोबा कामाला लागला. काठी आंब्याला बांधली. फणसाचा ठोकळा तासला. तो जरा लहान झाला, म्हणून पाचर मारली. पाचर मोठी झाली, म्हणून तळाची फळी तासली. मग सगळीकडे डिंक ओतला. त्यात शेपटी चिकटली, तरी गडी खूश होता. बिचाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने काही केलं होतं. मला तर त्याचं कौतुकच वाटतं.

काठी ताठ उभी राहिली. सगळं जंगल बघायला आलं.

पौर्णिमेला वऱ्हाड होडीत चढलं.

"आता दोर सोडा," कुणीतरी म्हणालं.

गंगोबाने दोराची गाठ आणखी घट्ट केली. "इतकी छान उभी आहे. उगाच सोडायचा कशाला?"

सगळ्यांना पटलं. वाजंत्री वाजत राहिली, होडी जागच्या जागी हलत राहिली आणि मुहूर्त जवळ आला.

तिकडे शेवंती वाट बघून कंटाळली. तिने सरळ पाण्यात उडी मारली आणि पोहत इकडे आली.

"आला का नाहीत तुम्ही?"

"शिडाच्या होडीतूनच यायची रीत आहे ना," गंगोबा म्हणाला.

"मग ही झाडाला का बांधलीय?"

"दुरुस्त केलीय. मी स्वतः."

शेवंतीने काठीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, डिंकाने माखलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला हसूच आवरेना. हसता हसताच तिने त्याच्या गळ्यात हार घातला.

दोघं त्याच होडीत सुखाने राहू लागली. किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या आता झाडांना बांधलेल्या असतात, आणि एकीचीही काठी पडलेली नाही. 'घरच्या घरी'चा वर्ग हल्ली गंगोबा घेतो.

तात्पर्य: आपण केलेली दुरुस्ती जन्मभर टिकावी असं वाटत असेल, तर ती कधीही वापरून पाहू नये.