भालेरावांच्या उजव्या बाजूला

भालेरावांना त्यांच्या उजव्या बाजूला कुणी बसलेलं चालत नाही. बसमध्ये नाही, टपरीवर नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही. कुणी चुकून बसलंच, तर ते उजव्या बरगडीखाली तळहात ठेवतात आणि हळू आवाजात म्हणतात, "इकडं या राव. तिकडं तो झोपलाय."

तो म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू.

दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला आमच्या खोल्या आहेत, मधे एकच भिंत. ते भोसरीत लेथवर, मी तळवड्यात कॉम्प्युटरवर. भालेरावांचं वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. तरुणपणी कंपनीतल्या रक्तदान शिबिरात हा पाहुणा सापडला आणि तेव्हापासून त्याची बडदास्त चालू आहे. दारूला स्पर्श नाही. दिवाळीत गल्लीत माळ लागली की भालेराव पोटाला उशी धरून बसतात. मी हसलो की म्हणतात, "हसा, पण त्याला उठवू नका."

मी राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, "माझ्या ताटात जेवा, माझ्या ग्लासातनं पाणी प्या, त्यानं काही होत न्हाई. फक्त माझ्या ब्लेडला हात लावू नका." मग स्वतः दवाखान्यात नेऊन मला लस टोचवली. मी सुईला भितो. प्रत्येक डोसला माझा दंड त्यांनीच धरला होता.

गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी. त्या दुपारी बऱ्याचदा वीजही जाते, पंखा थांबतो आणि भिंतीपलीकडचं स्वच्छ ऐकू येतं. भालेराव कुणाशी तरी बोलत असतात. "आज पाण्याला वास येत होता, न्हाई का?" मग शांतता, उत्तराला लागेल तेवढी. मग "व्हय, व्हय." घरून काम करताना माझी बोटं कीबोर्डवर थांबतात. ते उत्तर आता मलाही ऐकू येईल, असं वाटून अंगावर काटा येतो.

एकदा धीर करून विचारलं, कुणाशी बोलता. ते म्हणाले, "डॉक्टर सांगतात, तो पेशीच्या पार गाभ्यात जाऊन बसतो. पेशी बिचारी आपलंच काम समजून त्याच्या नकला काढत बसते. तिला पत्ताच नसतो. आता मला सांगा, हे तुमच्याशी बोलतोय तो मीच कशावरनं?"

आणि ते हसले. मला हातातला चहा संपवता आला नाही.

यंदा उन्हाळ्यात ते थकायला लागले. रिपोर्ट बिघडला होता, म्हणून मी सोबत गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, नीट समजावून सांगणाऱ्या.

"विषाणू स्वतः यकृताचं फारसं वाकडं करत नाही, काका. तो जन्मतःच आला, म्हणून तुमच्या प्रतिकारशक्तीनं त्याला घरचाच समजून सोडून दिलं होतं. आता ती जागी झालीय. त्याला मारायला म्हणून तुमच्याच पेशी मारतेय. रोज एक गोळी सुरू करू."

"गोळीनं तो जाईल?"

"रक्तात जवळजवळ दिसेनासा होईल. गाभ्यातला मात्र बहुतेक राहील. जन्मभर."

भालेरावांनी डोळे मिटून श्वास सोडला. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. बाई माझ्याकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं, माणसाला कळलेलंच नाही.

बाहेर बसथांब्यावर ते म्हणाले, "आईकडनं आलाय तो. मला चालताही येत नव्हतं तेव्हा ती गेली. फोटो न्हाई. कशी दिसायची, सांगणारंही कुणी उरलं न्हाई. तिच्या अंगात होता, तिथनं माझ्यात आला. तिच्याकडचं जिवंत असं एवढंच हाय."

त्यांचा तळहात बरगडीखाली गेला.

"गोळी घेईन, रोज घेईन. पण इतकं विचारतो त्याला, तिचा आवाज कसा होता तेवढं काही सांगत न्हाई."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी लातूरला आईला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. फोनवर कोण आहे हे न ऐकताच आईनं विचारलं, "जेवलास का बाळा?"

आमची बस आली आणि गेली.

"न्हाई अजून," भालेराव शेवटी म्हणाले.

"मग जेव की आधी. उन्हाचं उपाशी हिंडू नको."

"व्हय."

आई पुढे बोलतच राहिली, कुणाच्या तरी लग्नाचं, शेजारणीच्या गुडघ्याचं. भालेराव फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ऐकत उभे होते. मी पुढची बसही जाऊ दिली.