नळ बंद केला होता का?

त्या शुक्रवारी आमच्या अबोल्याचा चौथा दिवस होता. कारण अगदी क्षुल्लक. माझ्या मावशीला मी परस्पर सांगून टाकलं होतं, की ये तीन आठवडे आमच्याकडे राहायला. बायकोला सांगायचं राहिलं. (राहिलं म्हणजे धीर झाला नाही.) मावशीनेच तिला फोन करून विचारलं, "माझी खाट कुठल्या खोलीत टाकणार?" तेव्हापासून आमच्या घरात फक्त मिक्सर बोलत होता.

त्या सकाळी फ्रिजवर चिठ्ठी दिसली. 'शनिवार-रविवार बुद्धविहारात राहायला जाते आहे. संध्याकाळी निघेन. यायचं असेल तर खाली सही करा.' मी विचार केला, परक्या जागी दोन दिवस ही बोलल्यावाचून कशी राहील? निदान 'टूथपेस्ट कुठे ठेवलीत' एवढं तरी विचारावंच लागेल. आणि अबोल्यात जो आधी बोलला तो हरला, हा संसाराचा नियमच आहे. मी ऐटीत सही ठोकली. (मी एका कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो. न वाचता सही करण्याचा बावीस वर्षांचा अनुभव आहे.) विहाराचे नियम चिठ्ठीच्या मागच्या बाजूला होते.

ते मला विहाराच्या दारातच कळले. मोबाईल आणि पेन कापडी पिशवीत जमा. दुपारी बारानंतर जेवण नाही. आणि दोन्ही दिवस संपूर्ण मौन. बायकोने माझ्याकडे बघून चार दिवसांतलं पहिलं स्मित केलं आणि ती बायकांच्या खोलीकडे निघून गेली.

शनिवारी सकाळी आम्ही तीसेक माणसं चटयांवर मांडी घालून बसलो. समोर तिथले वयस्क भिक्खू. त्यांना सगळे भन्ते म्हणत. ते म्हणाले, "श्वास आत येतो, बाहेर जातो. नुसतं बघत राहा."

मी बघत राहिलो. सातव्या श्वासाला डोक्यात लख्ख उजेड पडला. काल निघताना पाणी गेलं होतं. आलं का बघायला मी स्वयंपाकघरातला नळ सोडला होता. तो बंद केला होता का?

आमच्या खाली एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी गेल्याच आठवड्यात घराला रंग दिला होता आणि छत दाखवायला सगळ्या बिल्डिंगला बोलावलं होतं. पुढचे सगळे श्वास मी त्या छताखाली घेतले.

अंगण झाडायच्या वेळी मी झाडू काखेत धरला आणि बायकोपुढे नळ पिळायची खूण केली. तिने पाठ फिरवली. मी पुन्हा केली. तेव्हा शेजारी झाडणाऱ्या एका गृहस्थांनी माझं मनगट हातात घेतलं आणि मायेने चोळून दिलं. (ते दंतवैद्य असल्याचं नंतर कळलं. तोंड मिटलेली माणसं बघायला आले होते.)

जेवणानंतर मात्र भन्तेंशी एकट्याने पाच मिनिटं बोलायची सवलत होती. मी धावतच गेलो.

"भन्ते, नळ बंद केला की नाही तेच आठवत नाही."

"छान," ते म्हणाले. "म्हणजे वाहतोय हे जाणवलं तर. वाहू द्या. नुसतं बघा."

"बघायला घरी जावं लागेल."

"घर म्हणजे नक्की काय?"

"दुसरा मजला. खाली मास्तर राहतात."

"जे साठतं ते एक दिवस खाली उतरतंच," भन्ते शांतपणे म्हणाले.

"तीच तर भीती आहे," मी म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली आणि पुढचा माणूस आत आला.

दुपारच्या बैठकीत माझा धीर सुटला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. बायको दोन चटया सोडून डोळे मिटून बसली होती.

"अगं," मी म्हणालो, "स्वयंपाकघरातला नळ."

तीस श्वास एकदम थांबले.

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मी बंद केला. गॅसही. आणि तुम्ही उघडी टाकलेली खिडकीही."

मी हरलो होतो. पण इतकं हलकं वाटलं, की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी भन्तेंनी मला पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं, साधनेत प्रगती दिसली असावी. तिथून बायको सगळ्यात लांब पडते, हे जरा उशिरा लक्षात आलं.

रविवारी संध्याकाळी फाटकाबाहेर पडल्यावर मी घसा साफ केला.

"चुकलंच माझं. आधी तुला विचारायला हवं होतं. मावशीला सांगतो, आठच दिवस ये म्हणून."

"मी बुधवारीच बोलले त्यांच्याशी. राहू देत तीन आठवडे. त्यांचा मला कधीच त्रास नसतो."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"पहिला दिवस राग होता. मग तुम्हीही गप्प झालात, आणि घर इतकं शांत वाटायला लागलं, की म्हटलं, कशाला मोडा?"

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली. थोडं चालल्यावर तीच म्हणाली, "पुढच्या महिन्यात इथे दहा दिवसांचं शिबिर आहे. मी नाव देऊन आले."

"जा तू निश्चिंतपणे," मी मोठ्या मनाने म्हणालो. "घराचं मी बघतो."

"माझं नाही, तुमचं नाव दिलंय," ती म्हणाली. "मला शांती घरीच मिळेल."